२५-३० हजारांत घरची हाय-फाय : दुकानात जाण्याआधीची तयारी

आधी मोजपट्टी शोधा. ब्रँड, वॅट, ब्लूटूथ हे सगळं नंतर. स्पीकर ज्या कप्प्यात किंवा टेबलावर ठेवायचे, ती जागा मोजा. रुंदी आणि उंची सगळेच मोजतात. कप्पा मागे भिंतीपर्यंत किती आत जातो, ते मोजायचं राहतं. माझं तेच राहिलं होतं आणि नवे कोरे स्पीकर शोकेसच्या बाहेर चार बोटं आले. म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

हिशेब असा. साधारण बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे कप्प्यात बसणारा छोटा स्पीकर, २० ते २५ सेंटीमीटर खोल असतो. मागे वायरीचे टर्मिनल असतात, त्यात बनाना प्लग (वायरीच्या टोकाची पिन) घातला की आणखी चार-पाच सेंटीमीटर गेले. बहुतेक स्वस्त स्पीकरना बेसचं भोक, म्हणजे पोर्ट, मागच्या बाजूला असतं; त्याला श्वास घ्यायला निदान १०-१५ सेंटीमीटर मोकळे हवेत. बेरीज केलीत तर ४० च्या आसपास जाते. आपल्या फ्लॅटमधलं टीव्ही युनिट बऱ्याचदा १२ ते १५ इंचांचंच असतं. मागचा पोर्ट भिंतीला चिकटला की बेस फुगतो, डग्गा आणि बेस गिटार एकच गोळा होऊन ऐकू येतात, आणि मग माणूस उगाच स्पीकरला नावं ठेवतो. जागा कमी असेल तर पुढे पोर्ट असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा स्पीकर बघा, नाहीतर स्टँड घ्या. पण हे दुकानात जाण्याआधी ठरायला हवं. मोजलेले आकडे कागदावर लिहा आणि तो कागद खिशात ठेवा. नुसता अंदाज नको.

मोजपट्टी हातात आहे तोवर आणखी दोन मापं घ्या. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या खुर्चीपर्यंतचं अंतर साधारण सारखं असावं, दीड ते दोन मीटर. १० बाय १२ च्या खोलीत हे बसतं. दुसरं म्हणजे बसल्यावर तुमचा कान जमिनीपासून किती उंच येतो ते. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक स्वर काढणारा छोटा गोल, त्याच उंचीवर हवा. टीव्ही युनिट बुटकं असेल तर स्पीकरच्या पुढच्या कडेखाली रबराचे तुकडे ठेवून तो किंचित वर बघेल असा करा. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा मोकळ्यावर अशी मांडणी शक्य असेल तर टाळा. कोपरा बेस वाढवतो आणि दोन्ही बाजू दोन तऱ्हेच्या वाजतात.

खोलीत एकदा जोरात टाळी वाजवा. झणझणाट उमटला तर गुळगुळीत फरशी आणि काच आवाज परतवतायत असं समजा. सतरंजी घाला, जाड पडदा लावा, पुस्तकांचं कपाट असेल तर ते या खोलीत आणा. हे न करता महागडा अँप्लिफायर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मग कशावरून वाजवणार त्याची यादी. फोन असेल तर ब्लूटूथ पुरतो. रोजच्या ऐकण्यात कोडेकवरून (ब्लूटूथ आवाज आवळून पाठवतो ती पद्धत) फार डोकं शिणवू नका. टीव्ही जोडायचा असेल तर टीव्हीच्या मागे जाऊन स्वतः बघा: ऑप्टिकल (प्रकाशाच्या वायरीचं भोक) आहे की एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआय)? अनेक नव्या टीव्हींना हेडफोनचं भोक नसतंच. ऑप्टिकलने जोडलंत आणि आवाज आला नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएम (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) करा. स्वस्त अँप्लिफायरना डॉल्बीचा आवळलेला आवाज उलगडता येत नाही. घरात जुन्या एलपी असतील तर अँप्लिफायरला फोनो इनपुट (एलपीसाठीचा खास इनपुट) हवा किंवा टर्नटेबलमध्येच, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरमध्येच, प्रीअँप (बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) हवा. सुईतून येणारा सिग्नल पाच मिलिव्होल्टच्या आसपास, सीडी प्लेअरचा दोन व्होल्ट. साध्या ऑक्स इनपुटला टर्नटेबल जोडलं तर कुजबुज ऐकू येईल. सीडी अजून ऐकत असाल तर ऐका, त्यासाठी एक आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचा) इनपुट राखून ठेवा.

आता काय घ्यायचं. तयार मिनी सिस्टिममध्ये सगळं एकत्र मिळतं, पण एक भाग गेला की सगळंच गेलं. अँप्लिफायर पोटात असलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर लहान घराला सोयीचे. आईवडिलांसाठी घेत असाल तर डोळे मिटून हेच. वेगळा छोटा क्लास-डी (कमी तापणारा) अँप्लिफायर आणि पॅसिव्ह (पोटात अँप्लिफायर नसलेले) स्पीकर ही माझी आवड, कारण पुढे एकेक भाग बदलता येतो. अ‍ॅक्टिव्ह घेणार असाल तर पुन्हा मोजपट्टी काढा. बऱ्याच जोड्यांत दोघांपैकी एकाच स्पीकरला वीज लागते. तो उजवा की डावा, आणि त्या बाजूला प्लग पॉइंट आहे का? दोन स्पीकरना जोडणारी वायर खोक्यात येते, ती तुमच्या अंतराला पुरते का? टीव्हीच्या मागून वळसा घालून मोजा, सरळ रेषेत नाही.

पैशाची वाटणी करताना निम्म्याहून जास्त स्पीकरवर घाला आणि दोन-तीन हजार वायर, स्टँड, एक्स्टेंशन बोर्डसाठी बाजूला काढा. वॅटच्या मागे लागू नका. पीएमपीओ (क्षणभराच्या वॅटचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर ते वाचूच नका, आरएमएस (सतत देता येणारे वॅट) विचारा. ८५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (ठरावीक वॅटला किती आवाज निघतो त्याचं माप) स्पीकरला ज्या आवाजासाठी ४० वॅट लागतात, त्याच आवाजाला ८८ च्या स्पीकरला २० पुरतात. घरातलं ऐकणं बहुतेक वेळा दोन-चार वॅटमध्येच होतं.

दुकानात स्वतःच्या ओळखीचं संगीत न्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाणार असाल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुकान उघडता उघडता जा. संध्याकाळच्या गर्दीत काही कळत नाही. तानपुरा लावा. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. चार इंची वूफरच्या (खालचे स्वर काढणारा मोठा गोल) पुष्कळ स्पीकरना तिथपर्यंत उतरताना धाप लागते. पोत येतो, वजन येत नाही. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, स्वच्छ ऐकू येत असेल तर थोडं वजन सोडायला माझी हरकत नाही. नंतर बाईचा आवाज ऐका; ‘स’ आणि ‘श’ टोचले तर तो स्पीकर रोज ऐकवणार नाही. दोन जोड्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवायला लावा, कारण जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो.

आणि हे विसरू नका: दुकानात स्पीकर मोकळ्यावर ठेवलेले असतात, तुमच्याकडे भिंतीला लागून राहणार. खिशातला कागद काढा आणि दुकानदाराला सांगा की स्पीकर इतक्याच अंतरावर भिंतीशी सरकवून वाजवा. संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत. मागची बाजूही तिथेच मोजा, प्लग लावून. छापील माहितीत बहुधा प्लग धरलेला नसतो.

जुना माल घेत असाल तर वूफरच्या कडेची पट्टी बघा. फोमची असेल तर जुन्यात भुगा होतो, रबर बरं. आवाजाची खुंटी फिरवून खरखर होते का ऐका. परदेशातून कोणी आणून देत असेल तर मागची पाटी वाचून घ्या: नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० वर थेट लावायचं नाही, लावलंत तर जळेल.

वायर शुद्ध तांब्याची, दीड स्क्वेअर मिलिमीटर. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम नको. दोन्ही बाजूंना लाल ते लाल, काळी ते काळी; एका बाजूला उलटी लागली तर बेस गायब होतो. अँप्लिफायरच्या वर चार बोटं मोकळी ठेवा. पक्कं बिल, भारतातली वॉरंटी, सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते. थर्मोकोल आणि खोकं परत करायची मुदत संपेपर्यंत माळ्यावर.