भविष्यातील अतिवृष्टीचा अंदाज: पूरनियोजनात या चुका टाळा

पूरनियोजनासाठी भविष्यातील पावसाचे आकडे हवे असले, की अनेकदा जागतिक हवामान मॉडेल पृथ्वीचे ज्या चौकोनांत विभाजन करते, त्यांतला आपल्या शहरावरचा चौकोन निवडला जातो आणि त्यातला पाऊस थेट नाल्यांच्या गणितात घातला जातो. पहिली चूक इथेच होते. अशा चौकोनाची बाजू बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास असते. तो मुंबईवर ठेवला, तर समुद्र, कोकणपट्टी आणि सह्याद्रीचा माथा यांची सरासरी हाती येते. प्रत्यक्षात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्याला जेमतेम ७४. म्हणून मॉडेलमधून पावसाचा आकडा न घेता बदलाचे प्रमाण घ्यावे, म्हणजे त्याच मॉडेलच्या पुढच्या आणि मागच्या काळाचे गुणोत्तर काढून ते स्थानिक पर्जन्यमापकाच्या नोंदींना लावावे. मात्र हे गुणोत्तर हंगामी सरासरीचे असू नये. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि हंगामाची बेरीज फारशी बदलली नाही तरी मुसळधार सरी जोर धरू शकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक कालावधीची आहे. मुंबईतील जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेले होते आणि पावसाच्या पाण्याचा निचरा सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड योजनेने ती क्षमता ५० वर नेण्याचे ठरवले. आता दिवसाचा १२० मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत विभागला, तर तासाला ५ मिलिमीटर येतो आणि कागदावर सगळे सुरक्षित दिसते. पण तोच पाऊस दोन तासांत कोसळला, तर तासाला ६० होतो आणि वाढवलेला नालाही तुंबतो. त्यामुळे स्वयंचलित केंद्रांच्या पंधरा मिनिटांच्या किंवा तासाच्या नोंदी मिळवायलाच हव्यात. शिवाय हवामान खात्याच्या नोंदींत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. त्या वेळेच्या आसपास कोसळलेली एकच सर दोन तारखांत विभागली जाते आणि कमाल पाऊस कमी दिसतो.

२००५ची नोंद ‘अपवाद’ म्हणून वगळण्याचा मोह होतो. ती वगळू नये, कारण नियोजन अशाच दिवसांसाठी असते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांचाही चुकीचा अर्थ लावला जातो: असा पाऊस कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते, म्हणजे तीस वर्षे टिकणाऱ्या पंपिंग स्टेशनला तो किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, आणि तीही हवामान आहे तसेच राहिले तर.

एकाच मॉडेलवर किंवा एकाच उत्सर्जन-मार्गावर, म्हणजे पुढे हरितगृह वायू किती सोडले जातील याच्या एकाच गृहीतकावर, विसंबू नये. अनेक मॉडेलांच्या निकालांचा पल्ला नियोजनकर्त्यांसमोर ठेवावा.

किनारपट्टीच्या शहरात केवळ पाऊस वाढवून पाहणे पुरेसे नाही. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर जाते आणि पाणी बाहेर पडत नाही. म्हणून पावसाची प्रत्येक परिस्थिती भरतीच्या वेळेसह आणि वाढलेल्या समुद्रपातळीसह चालवून पाहावी.