कास्ट करण्याआधी प्रकार तपासा: या चुका टाळा

समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार सोसायटीसाठी सॉफ्टवेअर लिहिलंय. 'नौका' हा मूळ क्लास, 'यांत्रिकनौका' आणि 'होडी' हे त्याचे सबक्लास. डिझेल परताव्याचा हिशेब करताना यादीतली प्रत्येक नौका थेट यांत्रिकनौकेत कास्ट केली जाते, म्हणजे ती यांत्रिकनौकाच आहे असं धरून वापरली जाते. चाचणीच्या नोंदी सगळ्या ट्रॉलरच्या, त्यामुळे काहीच अडत नाही. पुढे तेच सॉफ्टवेअर मालवणात जातं, यादीत रापणीची बिनइंजिनाची होडी येते आणि जावा क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे चुकीच्या कास्टची एरर, फेकते.

कम्पायलरने अडवलं नाही म्हणजे कास्ट बरोबर, हा मोठा गैरसमज. मूळ क्लासकडून सबक्लासकडे कास्ट करताना आपण फक्त हमी देतो; ऑब्जेक्ट खरा कोणता, ते प्रोग्राम चालतानाच कळतं. म्हणून आधी इन्स्टन्सऑफ, म्हणजे 'ऑब्जेक्ट या प्रकारचा आहे का' ही तपासणी, लावा. जावा 16 पासून तपासणी आणि कास्ट केलेलं व्हेरिएबल एकाच ओळीत मिळतं, त्यामुळे तपासलं एक आणि कास्ट केलं भलतंच, असं होत नाही.

नल, म्हणजे ऑब्जेक्टच नसलेली रिकामी नोंद, मात्र चकवतो. नलवर इन्स्टन्सऑफ नेहमी फॉल्स देतं, पण थेट कास्ट बिनबोभाट पार पडतो आणि एरर पुढे कुठेतरी येते. शिवाय एल्समध्ये 'म्हणजे ही होडीच' असं गृहीत धरलंत, तर रिकामी नोंदही होडी ठरते.

सी++ मध्ये जास्त जपा. खाली, म्हणजे सबक्लासकडे, कास्ट करताना स्टॅटिककास्ट प्रोग्राम चालताना काहीच तपासत नाही. चुकलं तर प्रोग्राम बंद पडेलच असं नाही, लिटरच्या जागी भलताच आकडाही येऊ शकतो. पैशांच्या हिशेबात ते क्रॅशपेक्षा वाईट. डायनॅमिककास्ट वापरा: पॉइंटर असेल तर नलपॉइंटर मिळतो, तो तपासायलाच हवा, रेफरन्स असेल तर बॅडकास्ट एक्सेप्शन येतं. त्यासाठी मूळ क्लासमध्ये निदान एक व्हर्च्युअल फंक्शन, म्हणजे सबक्लासला बदलता येणारं फंक्शन, लागतं.

तपासणीचा क्रमही पाहा. ट्रॉलर हा यांत्रिकनौकेचा सबक्लास असेल आणि इफ-एल्समध्ये यांत्रिकनौका आधी विचारली, तर ट्रॉलरची पाळी कधीच येत नाही.

एक्सेप्शन पकडून गप्प बसणं तर मुळीच नको. एखादी नौका यादीतून गुपचूप गळते आणि तिच्या मालकाचा हक्काचा परतावा बुडतो.

तीच तपासणी चार ठिकाणी लिहावी लागत असेल, तर डिझाइन बदला. परताव्याची मेथड नौकेतच ठेवा, होडीत ती शून्य परत करू दे. कास्टची गरजच उरत नाही. नियम वारंवार बदलतात म्हणून हिशेब बाहेर ठेवायचा असेल, तर जावा 17 मधले सील्ड क्लास (ज्यांचे सबक्लास आधीच ठरवून दिलेले असतात) आणि जावा 21 मधला प्रकारानुसार शाखा निवडणारा स्विच एकत्र वापरा, पण उरलेल्या सगळ्यांसाठीची डिफॉल्ट शाखा लिहू नका. मग नौकेचा नवा प्रकार आला की त्याची शाखा लिहीपर्यंत कोड कम्पाइलच होणार नाही.