घरातल्या जुन्या जॅझ रेकॉर्ड्स बाहेर काढताय? मग या चुका टाळा

घरात हजारभर एलपी, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्ड्स, असल्या की त्यातल्या शंभर-दीडशेच आलटून पालटून वाजतात. बाकीच्या कधी घेतल्या, कुणी दिल्या, हेसुद्धा आठवत नाही. सिनेमाच्या रेकॉर्ड्सचं तसं होत नाही. गाणं ओठांवर आलं की माणूस उठून रेकॉर्ड शोधतो. जॅझच्या रेकॉर्डमधलं गुणगुणण्यासारखं डोक्यात फारसं उरत नाही, मग शोधणार काय? म्हणून कपाटात सगळ्यात आधी हरवतो तो जॅझच.

पुण्यात असे संग्रह वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत. लष्कर भागातली (कॅम्पातली) पारशी आणि गोवन घरं, वानवडीकडचे निवृत्त फौजी अधिकारी, विलायतेत शिकून आलेले डेक्कनवरचे डॉक्टर. आता त्यांची मुलं-नातवंडं कपाटं उघडतात. रविवारी सकाळी उत्साह असतो आणि संध्याकाळपर्यंत दिवाणखान्यात घोटाळा होऊन बसलेला असतो. मग ‘जरा येऊन बघता का’ असा फोन येतो. गेलं की पुन्हा तेच ते प्रकार दिसतात. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

यंत्र न तपासता रेकॉर्डला दोष देणं

या एका चुकीपायी जेवढा जॅझ रद्दीत गेला असेल तेवढा वाळवीनेही खाल्ला नसेल.

कोथरूडमधल्या एका काकांचा किस्सा सांगतो. मुलगा अमेरिकेत. त्याने तिथून चांगला बेल्टवाला टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणला, सोबत 110 व्होल्टसाठी वीट वाटावी असा जड ट्रान्सफॉर्मर. काकांनी हौसेने तरुणपणीच्या रेकॉर्ड्स काढल्या आणि महिन्याभरात त्यांचा जीव विटला. मला म्हणाले, “अहो, हे ऐकताना आम्ही नाचायचो, आणि आता झोप येते. रेकॉर्ड्स तरी बिघडल्यात नाहीतर माझं वय झालंय.” बिघडलेल्यांचा एक गठ्ठा जुन्या बाजारात द्यायला बाजूलाही काढून ठेवला होता. त्यात डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’ होती, ड्यूक एलिंग्टनची ‘फार ईस्ट स्वीट’ होती.

उलगडा केला तो काकूंनी. काकू गाण्याच्या शिकवण्या घेतात. मी ‘टाइम आउट’मधलं ‘टेक फाइव्ह’ लावलं तेव्हा त्या स्वयंपाकघरातून येऊन पेटीशी बसल्या, भाता ओढला आणि पांढरी एकवर बोट ठेवलं. “हे इथे वाजतंय.” ‘टेक फाइव्ह’ वाजायला हवं काळी दोनमध्ये. म्हणजे सगळंच तीन अर्धस्वर खाली उतरलं होतं. पॉल डेसमंडचा हलका, कोरडा आल्टो सॅक्सोफोन सर्दी झाल्यासारखा घोगरा येत होता.

कारण साधं आहे. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. जुन्या पद्धतीची एसी सिंक्रोनस मोटर त्या हर्ट्झवर फिरते, व्होल्टवर नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झला हातही लावत नाही. त्यामुळे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम 28 होतात. ‘टेक फाइव्ह’ 5 मिनिटं 24 सेकंदांचं आहे, ते काकांच्या घरी साडेसहा मिनिटं चालत होतं. कुणालाही झोप येईल.

तपासायला ॲप नको की स्ट्रोबोस्कोप नको. प्लॅटरच्या, म्हणजे फिरत्या थाळीच्या, कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, पिन रेकॉर्डवर ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. 3 मिनिटांत 100 फेऱ्या व्हायला हव्यात. 83-84 भरल्या तर समजा अमेरिकेतून आलेली मोटर आहे. उपाय म्हणजे 50 हर्ट्झची, थोडी मोठ्या व्यासाची पुली बसवायची. कंपनीची मिळाली तर उत्तम, नाहीतर लेथवाल्याकडून करून घ्यायची. काकांनी करून घेतली. गठ्ठा पुन्हा कपाटात गेला. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवाल्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांना हा त्रास नसतो, पण त्यांचीही फेऱ्या मोजण्याची परीक्षा मी घेतोच.

याची दुसरी बाजूही आहे. एक उत्साही मुलगा माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ लावून मोबाइलच्या ट्यूनरवर स्वर तपासत बसला होता. पहिली बाजू किंचित चढी लागते म्हणून त्याने टर्नटेबलचा वेग कमी केला आणि मग घरातल्या बाकी सगळ्या रेकॉर्ड्स उतरल्या. त्या अल्बमची गोष्टच निराळी आहे. 1959 साली पहिल्या बाजूच्या तीन रचना ज्या टेप मशीनवर रेकॉर्ड झाल्या ते थोडं हळू चालत होतं, म्हणून योग्य वेगाने वाजवल्यावर त्या चढ्या ऐकू येतात. 1990 नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ते दुरुस्त झालं. तुमची तबकडी त्याआधीची असेल तर पहिली बाजू चढीच लागणार. एका रेकॉर्डवरून यंत्राचा निकाल लावू नका आणि फेऱ्या न मोजता वेगाच्या स्क्रूला हात लावू नका.

कव्हरवर विसंबणं

यादी करायची म्हणून लोक कपाटासमोर बसतात, कव्हरच्या कण्यावरची नावं वाचतात आणि एक्सेल भरतात. दुपारपर्यंत पाचशे नावं टाइप झाली म्हणून वर कौतुकही हवं असतं. अरे बाबा, तू कव्हरांची यादी केलीस. आत काय आहे ते कुठे बघितलंस?

ज्या घरात पार्ट्या झाल्या त्या घरात तबकड्या आणि कव्हरं यांच्या जोड्या जुळत नाहीत, हे गृहीतच धरायचं. रात्री बाराला, हातात ग्लास असताना, कोण बघतंय कुठली कुठे गेली ते? लष्करातल्या एका घरी पुतण्याने मी पोचायच्या आधीच ‘आवराआवर’ करून ठेवली होती. रिकामी आणि फाटकी कव्हरं रद्दीवाल्याने किलोवर नेली होती. उरलेलं मी एकेक उघडून बघत गेलो. बॉलरूम डान्सच्या एका गुळगुळीत कव्हरमधून बाहेर आली जो हॅरियट आणि जॉन मेयर यांची ‘इंडो-जॅझ स्वीट’! 1966 सालची. मेयर जन्माने कलकत्त्याचे, हॅरियट जमैकाचे, आणि वाजवणारे पाच जॅझवाले अधिक पाच भारतीय वाद्यं घेऊन बसलेले. लंडनमध्ये सतार आणि सॅक्सोफोन समोरासमोर बसून काय करू शकत होते ते ऐकायचं असेल तर ही रेकॉर्ड ऐकावी. तबकडी जवळजवळ कोरी होती. आणि तिचं कव्हर आदल्या आठवड्यात कागदाच्या भावाने गेलं होतं.

त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे. तबकडी बाहेर काढायची, उजेडात तिरकी धरून दोन्ही बाजू बघायच्या, लेबलवरचा नंबर कव्हरवरच्या नंबराशी ताडायचा. मग लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स नंबर (ती बाजू कुठल्या साच्यातून निघाली त्याचा नंबर) भिंगातून वाचायचा. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या रेकॉर्ड्सवर तिथे त्यांचे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची आद्याक्षरं सापडतात. हे करताना तासाला वीस-पंचवीस रेकॉर्ड्सच होतात. होऊ देत. घाई आहे त्याने पोस्टाची तिकिटं जमवावीत. मोबाइलने बारकोड स्कॅन करायचा सल्ला देणाऱ्यांना एवढंच विचारा, की साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर बारकोड आला कुठून? आणि एकही कव्हर, कितीही फाटकं असलं तरी, शेवटची तबकडी बघून होईपर्यंत घराबाहेर जाता कामा नये.

फक्त कव्हरवरच्या मोठ्या नावाने लावणं

आद्याक्षराने लावा, माझी हरकत नाही. पण जॅझमध्ये ज्याचं नाव मोठं छापलंय तोच ऐकण्यासारखा असतो असं कुठेय? सॅक्सोफोनवाले कॅननबॉल ॲडर्ली यांच्या ‘समथिंग एल्स’मध्ये (1958) ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस आहेत. माइल्सच्या खणात शोधणाऱ्याला ही रेकॉर्ड आयुष्यात सापडायची नाही. पियानोवादक सनी क्लार्कच्या ‘कूल स्ट्रटिन’वर बास वाजवतात पॉल चेंबर्स. तेच ‘काइंड ऑफ ब्लू’वर आहेत, सॅक्सोफोनवाले जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘ब्लू ट्रेन’वर आणि ‘जायंट स्टेप्स’वरही आहेत.

विसरलेल्या रेकॉर्ड्स शोधायची माझी सवय यातूनच लागली. आवडत्या अल्बमचं कव्हर उलटं करायचं, मागे वादकांची नावं वाचायची, त्यातला एक साथीदार निवडायचा आणि आपल्याच कपाटात तो आणखी कुठे आहे ते शोधायचं. यादीत ‘साथीदार’ असा एक रकाना ठेवला तर हे पाच मिनिटांचं काम आहे. बहुतेकांच्या यादीत ‘किंमत’ हा रकाना असतो, हा नसतो.

आपल्याकडच्या रेकॉर्ड्स तर चुकीच्या खणात हमखास पडलेल्या असतात. शंकर-जयकिशन यांची 1968 ची ‘रागा जॅझ स्टाइल’, सतारीवर रईस खान, 11 राग. ती सगळीकडे हिंदी सिनेमाच्या गठ्ठ्यात सापडते. मुंबईत जन्मलेले गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा यांची ‘इंटिग्रेशन’ कुणी गोव्याच्या लोकगीतांत घालतं, कुणी शास्त्रीयमध्ये. तेव्हा जॅझ शोधताना जॅझच्या खणापाशीच थांबू नका.

जाड, चिकट प्लॅस्टिकची कव्हरं

संग्रह जपायचा म्हणून जाड पारदर्शक प्लॅस्टिकची कव्हरं चढवतात. ती बहुधा मऊ पीव्हीसीची असतात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद कपाटात त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य सुटतं आणि वर्षानुवर्षांत रेकॉर्डवर दुधी डाग उमटतात. एका घरी प्लॅस्टिकच्या सुरकुत्यांची नक्षी जशीच्या तशी तबकडीवर उतरलेली बघितली. धुऊन जात नाही. पिन त्या जागेवरून गेली की दर फेरीला ‘खस्स’ आवाज येतो. ओळखायची खूण म्हणजे जुन्या रेनकोटचा वास आणि बोटाला लागणारा चिकटपणा. ताबडतोब काढून टाका. पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिथिनची साधी कुरकुरीत पिशवी पुरे.

बाकीचं थोडक्यात

रेकॉर्ड्स आडव्या रचू नका. हे लिहावं लागतं याचाच राग येतो. उभ्या, सरळ, फार कोंबून नाही आणि फार तिरक्याही नाहीत.

माळ्यावर ठेवू नका. शंभर एलपी म्हणजे वीस-पंचवीस किलो. फळी आधी वाकते, मग तबकड्या.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुऊ नका. बादलीला बसतो तोच क्षार खाचेतही बसतो. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मायक्रोफायबर कापड, लेबल कोरडं, आणि शेवटी पुन्हा नुसतं डिस्टिल्ड वॉटर. काच पुसायचं निळं पाणी नको. खोबरेल तेल तर नकोच नको.

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. आणि एलपीची बारीक पिन त्यांच्यावर चालवू नका.

जुलैत कपाट उपसू नका. बुरशीची पूड घरभर होते. ऑक्टोबर हीटमध्ये काढा, पण गॅलरीत उन्हात वाळत घालू नका, तबकडीची पापडी होईल.

चार-पाच ग्रॅमचा भार टाकणारे सुटकेस प्लेयर चांगल्या रेकॉर्डपासून लांब ठेवा. नवी पिन घ्यायला पैसे नसतील तर महिनाभर थांबा.

अर्धा मिनिट ऐकून निकाल देणं

आता ज्यांची मला खरी चीड आहे त्यांच्याविषयी. पिन ठेवली, तीस सेकंद ऐकलं, उचलली, पुढे ठेवली, पुन्हा उचलली, ‘छे, बोअर आहे’, पुढची रेकॉर्ड. मोबाइलवर गाणी सरकवायची सवय टोनआर्मला, म्हणजे पिनेच्या दांड्याला, लावतात. यात पिनही जाते आणि रेकॉर्डही.

एक अख्खी बाजू साधारण वीस मिनिटांची. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी रेकॉर्ड लावू नका. आणि अनोळखी अल्बमची सुरुवात मी नेहमी दुसऱ्या बाजूने करतो. लोकप्रिय व्हावी अशी रचना कंपन्या बहुतेक वेळा पहिल्या बाजूला घालायच्या, त्यामुळे तीच बाजू घासलेली असते आणि दुसरी कोरी राहते. काकांच्या गठ्ठ्यातली ‘फार ईस्ट स्वीट’ घ्या. 1963 मध्ये एलिंग्टन बँड घेऊन भारतात येऊन गेले, मुख्यतः त्या सगळ्या दौऱ्यातून एलिंग्टन आणि त्यांचे साथी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न यांनी ही रचली, आणि 1967 मध्ये ती बाजारात आली. पहिल्या बाजूला ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ आहे. जिमी हॅमिल्टन यांचं क्लॅरिनेट साळुंकीसारखं तीच ती शीळ घालत राहतं आणि खालचा बँड तिच्याकडे लक्ष न देता आपल्या कामात असतो. तिथे थांबणाऱ्याला दुसऱ्या बाजूवरचं ‘आग्रा’ कळतच नाही. त्यात हॅरी कार्नी बॅरिटोन सॅक्सोफोनवर ताजमहालाबद्दल बोलतात, आणि कुठेही गोड होत नाहीत.

ऐकून झालं की कव्हरमध्ये एक चिठ्ठी घाला: तारीख, कुठली बाजू, कोण वाजवणारा आवडला. कव्हरवर बॉलपेनने लिहू नका. विकायच्या असतील तर ज्यांच्यात चिठ्ठी नाही त्या विकायच्या नाहीत, एवढा नियम ठेवा. खरेदीला आलेला माणूस ‘सगळ्या मिळून एकच भाव’ म्हणाला, तर त्याला चहा द्या आणि चिठ्ठ्या घालून होईपर्यंत पुन्हा बोलावू नका.