बोट सुटण्याआधी

भाचा सुटीसाठी पुण्याहून आजोळी, इंदूरला आलाय आणि माझ्या जुन्या गेमबॉय ॲडव्हान्सवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर, 'पोकेमॉन रेड' खेळतोय. काल रात्री तो खेळातल्या व्हर्मिलियन शहराच्या बंदरापर्यंत पोचला. पुढे एस. एस. ॲन ही बोट आहे, म्हणून त्याच्यासाठी हे लिहून ठेवतोय. दुसऱ्या कुणाची मुलं तिथवर आली असतील तर त्यांनाही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एवढं डोक्यात पक्कं बसव, की कॅप्टनला शेवटी भेटायचं. त्याच्याकडून 'कट', म्हणजे झाडं तोडायचा डाव, घेऊन तू खाली उतरलास की बोट धूर सोडत निघते आणि खेळ संपेपर्यंत परत येत नाही. मी शाळेत असताना बोटीवर चढल्या चढल्या धावत वर गेलो, कॅप्टनला भेटलो, उतरलो आणि आनंदाच्या भरात सेव्हही करून टाकलं. सेव्हची जागा एकच. अर्ध्या केबिन उघडायच्या राहिल्या त्या राहिल्याच. रिकामं बंदर बघून झालेलं वाईट मला अजून आठवतं.

आता वस्तूंचं बघू. गेमबॉयला दोन पेन्सिल सेल लागतात. हिरवा दिवा लाल झाला की सेल संपत आले असं समज, म्हणून जेल रोडवरून एक जोडी जास्तीची आणून ठेव. कार्ट्रिजमध्येही, म्हणजे खेळाच्या डबीतही, नाण्याएवढी बॅटरी असते आणि सेव्ह तिच्या जिवावर टिकतं. ही कार्ट्रिज जुनी आहे, तेव्हा आज रात्री सेव्ह करून बंद कर आणि सकाळी पोहे खायच्या आधी उघडून बघ. सेव्ह जागेवर असेल तरच पुढे जा. आणि रात्री सराफ्याला खायला निघायच्या घाईत लढाई अर्धी टाकून बटण बंद करू नकोस. लढाईच्या मधे सेव्ह होत नाही. ती संपव, सेव्ह कर, मग चप्पल घाल. आम्ही थांबू.

तिकीट खिशात आहे ना, ते बघून घे. आधीच्या सेरुलियन शहराच्या उत्तरेला समुद्राकाठी बिलचं घर आहे, तिकीट तो देतो. ते नसेल तर धक्क्यावरचा खलाशी सोडत नाही. सेरुलियनच्या जिममधल्या मिस्टीला हरवून कॅस्केड बॅज घेतला असशीलच. नसेल तर आधी तो घे, कारण त्याच्याशिवाय 'कट' शिकवून झाला तरी झाडं तोडता येणार नाहीत.

बॅगेकडे मात्र नीट लक्ष दे. तिच्यात फक्त वीस प्रकारच्या वस्तू मावतात, आणि बोटीवर आठ-नऊ वस्तू मिळतात. आधीच पोकेमॉन सेंटरच्या पीसीत नको ते काढून ठेव. रिपेल तर नेऊच नकोस, बोटीवर जंगली पोकेमॉन नसतात. त्याऐवजी सुपर पोशन घे. सातशेला एक पडतं, पण पन्नास एचपी, म्हणजे पोकेमॉनचा जीव, भरून येतात. अँटिडोट आणि बर्न हील व्हर्मिलियनच्या दुकानात मिळत नाहीत, ते सेरुलियनहून आणायचे. टेंटाकूल विष लावतो आणि ग्रोलिथ भाजतो, दोघंही भेटतील.

टीम साधारण विसाव्या लेव्हलच्या आसपास असू दे. बोटीच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर खलाशी आहेत आणि त्यांच्याकडे बरेचसे पाण्याचे पोकेमॉन, म्हणून पिकाचू आणि ऑडिश पुढे ठेव. दमलास तर खुशाल खाली उतर, सेंटरमध्ये जाऊन ये. 'कट' घेतला नाहीस तोवर बोट हलत नाही.

फिरताना एकेक दार उघड. पहिल्या मजल्यावरच्या एका केबिनमध्ये 'बॉडी स्लॅम' हा डाव शिकवणारं टीएम आहे, माझा राहिला तो हाच. ताकद पंच्याऐंशी, आणि वर समोरच्याला लकवा होण्याची शक्यता. टीएम एकदाच वापरता येतं, तेव्हा ते घाईत कुणालाही शिकवू नकोस. खाली 'रेस्ट'चं टीएम आहे, वर रेअर कँडी आणि मॅक्स इथर. आणि हो, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यांसमोर उभं राहून ए दाब. एकात ग्रेट बॉल आहे. डबा दिसतो साधाच, म्हणून सगळे पुढे निघून जातात.

कॅप्टनच्या खोलीआधी दुसऱ्या मजल्यावर तुझा प्रतिस्पर्धी अडवतो. त्याच्याकडे लेव्हलप्रमाणे पिजॉटो १९, रॅटिकेट १६, कडाब्रा १८ आणि त्याचा पहिला पोकेमॉन २०. पिजॉटोला पिकाचू पुरतो. कडाब्रा मार देतो जोरात, पण त्याचा बचाव कच्चा आहे, अंगावर धावून जाणारा एखादा पुढे कर. मॅन्की मात्र त्याच्यासमोर नको. या लढाईच्या अलीकडे सेव्ह कर, हे मी दोनदा सांगतोय.

कॅप्टनला बोट लागलीये, आडवा होऊन पडलाय बिचारा. त्याची पाठ चोळून दे, की तो 'कट' देतो. हा एकदा शिकवला की विसरवता येत नाही, म्हणून कुणाला शिकवायचा ते आधीच ठरव. स्क्वर्टल शिकतच नाही. माझं मत विचारशील तर व्हर्मिलियनमधल्या एका घरात स्पिअरो देऊन फारफेच्ड मिळतो, तो घे. स्पिअरो पूर्वेला अकरा नंबरच्या रस्त्यावर सापडेल. काखेत कांद्याची पात घेऊन हिंडणारं बदक आहे ते, कापण्यासाठीच जन्मलेलं.

हे सगळं झाल्यावर उतर. पण उतरायच्या आधी मला हाक मार, बोट निघताना मलाही बघायचीये.