वाचता येऊ लागल्यावरही वाचून दाखवा : घरी मुलांचे वाचन पक्के करताना

मूल अक्षरे जुळवून वाक्य वाचू लागले की घरातील मोठी माणसे निश्चिंत होतात आणि त्याला वाचून दाखवणे हळूहळू बंद पडते. माझ्या मते घरी होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली असे मांडले की, वाचलेले समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार होय. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती शून्यच येते.

मराठीत याचा प्रत्यय फार लवकर येतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च सारखाच लिहिला जातो, पण त्यांचे उच्चार वेगळे आहेत. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एका तऱ्हेने आणि ‘सुखाने जग’ म्हणताना दुसऱ्या तऱ्हेने उच्चारला जातो. योग्य उच्चार कोणता, हे पानावरील अक्षर सांगत नाही. ज्या मुलाच्या कानांवरून ते शब्द आधी गेलेले असतात, त्यालाच तो आपोआप सापडतो.

म्हणून रोज ठरलेल्या वेळी, निदान पंधरा मिनिटे, मुलाला स्वतःला वाचायला थोडे अवघड जाईल असे पुस्तक त्याच्याशेजारी बसून वाचून दाखवावे. मध्येच थांबून ‘तो का रागावला असेल?’, ‘पुढे काय होईल असे तुला वाटते?’ असे विचारावे; मात्र प्रत्येक पानावर प्रश्न विचारून गोष्टीची परीक्षा करू नये. तेच पुस्तक मुलाने पुन्हा पुन्हा मागितले, तर ते आनंदाने वाचावे, कारण नवे शब्द अशा आवर्तनांतूनच मनात रुजतात.

मूल स्वतः वाचत असते, तेव्हा आपला धीर अधिक लागतो. एकटा र घेतला तरी तो ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांत चार निरनिराळी रूपे घेतो. मूल ‘चक्र’ऐवजी ‘चकर’ म्हणाले, तर लगेच चूक दाखवू नये. मनात पाच अंक मोजावेत, कारण पुष्कळदा मूल स्वतःच मागे येऊन शब्द सुधारते. तसे झाले नाही, तर ‘च’ बोटाने झाकून फक्त ‘क्र’ वाचायला सांगावे, मग बोट काढून पूर्ण शब्द आणि शेवटी ते वाक्य पहिल्यापासून वाचून घ्यावे. ही शेवटची पायरी गाळू नये, कारण शब्द सोडवण्यात गुंतलेल्या मुलाच्या हातून तोवर अर्थाचा धागा सुटलेला असतो. एका पानावर चार-पाच शब्द अडत असतील, तर ते पुस्तक सध्या आपण वाचून दाखवायचे आहे असे समजावे. वाचनाला ओघ यावा म्हणून एखादा छोटा परिच्छेद तीनदा मोठ्याने वाचून घेणेही उपयोगी पडते.

पुस्तके निवडताना मुलाच्या आवडीला मान द्यावा. रेक्ट आणि लेस्ली या अभ्यासकांनी १९८८ साली ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले, तेव्हा खेळाची उत्तम माहिती असलेल्या कच्च्या वाचकांना ते माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा अधिक समजले. विषय ओळखीचा असेल, तर अवघड वाक्येही पेलतात; त्यामुळे किडे, आगगाड्या किंवा ग्रहतारे यांच्या नादी लागलेल्या मुलाला त्याच विषयावरची आणखी पुस्तके मिळवून द्यावीत.

नियमित सराव होऊनही तिसरी-चौथीतील मूल सोप्या शब्दांवर सतत अडत असेल, तर त्याला आळशी म्हणू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, शिक्षकांशी बोलावे आणि गरज वाटल्यास अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. या अडचणीचा बुद्धीशी संबंध नसतो, हे मुलालाही स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि तपासणी चालू असतानाही रोजचे वाचून दाखवणे थांबवू नये.