निर्यातीत उतरण्याआधी ओळखी कशा जोडाव्यात : वाळूजमधील अनुभव

निर्यात सुरू करू पाहणारे मराठवाड्यातील नवे उद्योजक मला बहुधा कागदपत्रांविषयीच विचारतात. आयात-निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक ऑनलाइन अर्जाने मिळतो, त्यात अडकून पडू नये. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांच्या निर्यातीचे काम पाहताना माझे ठाम मत झाले आहे की, परदेशी ग्राहक मालाच्या दर्जाइतकेच, त्या दर्जाची ग्वाही कोण देतो याकडे पाहतो.

योहान्सन आणि वाल्ने या स्वीडिश अभ्यासकांनी १९७७ साली, कंपन्या परदेशी बाजारपेठेत अनुभवातून टप्प्याटप्प्याने शिरतात, असे मांडले होते. २००९ मध्ये त्यांनीच त्यात भर घातली : देश परका असण्यापेक्षा तिथल्या व्यावसायिक संबंधांच्या जाळ्याबाहेर असणे ही मोठी अडचण ठरते.

या जाळ्यात शिरण्याची वाट आपल्याकडे कारखान्याच्या फाटकापासूनच सुरू होते. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्याभोवती पुरवठादार वाढले. निर्यात होणाऱ्या वाहनात ज्याचा भाग बसतो, त्याचा माल स्वतःच्या नावाने एकही शिपिंग बिल (निर्यातीसाठी सीमाशुल्क विभागाकडे भरायचा कागद) न निघता परदेशी पोहोचलेला असतो. शिवाय ड्रॉइंगप्रमाणे काम, नमुना-मंजुरीची कागदपत्रे आणि वेळेवर पुरवठा यांची शिस्त त्याच्या अंगी आलेली असते. त्याचे काम जवळून पाहिलेले खरेदी व गुणवत्ता विभागांतील अभियंते पुढे दुसऱ्या कंपन्यांत जातात आणि तिथे नवा पुरवठादार शोधण्याची वेळ आली की त्याचे नाव सुचवतात. ही शिफारस कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा वजनदार असते, म्हणून नोकरी बदलून गेलेल्या माणसाशी संपर्क तोडू नये.

सीएमआयए आणि मसिआ या आपल्या उद्योजक संघटनांच्या बैठकांना जरूर जावे, मात्र तिथे ‘ग्राहक मिळेल का’ असे मोघम विचारू नये. अमुक देशातला कोणता एजंट पैसे वेळेवर देतो, माल परदेशी पोहोचवण्याची व्यवस्था करणारा कोणता फॉरवर्डर कंटेनर अडकल्यावरही फोन उचलतो, असे नेमके विचारले की अनुभवी निर्यातदार मोकळेपणाने सांगतात.

ओळखीच्या भरवशावर उधारी मात्र वाढवू नये. खरेदीदाराकडून येणारे पैसे बुडण्याच्या जोखमीवर ईसीजीसी या निर्यात-पत विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचे विमा-संरक्षण मिळते. ओळख कितीही जुनी असली तरी ते घ्यावे. सगळी विक्री एकाच एजंटामार्फत होत असेल, तर अंतिम ग्राहकाशी तांत्रिक बाबींवर थेट बोलण्याचा हक्क करारात लिहून घ्यावा, कारण एजंट दुरावला की त्याच्यामागची सगळी बाजारपेठ एकदम हातची जाते.