टेक्सासच्या रँचवर मराठी लग्न: फुलांची सजावट कशी करावी

ऑस्टिन शहर सोडून पश्चिमेला निघालं की हिल कंट्री सुरू होतो. चुनखडीचे उंचवटे, थंडीतही हिरवी राहणारी लाइव्ह ओकची झाडं, तारेच्या कुंपणापलीकडे चरणारी गुरं. इथली कितीतरी जुनी रँचेस, म्हणजे गुरं पाळायची मोठी शेतं, आता लग्नाला मिळतात. माझ्या भाचीचं लग्न अशाच एका रँचवर ऑक्टोबरच्या शेवटी झालं. फुलांचं सगळं काम मी अंगावर घेतलं होतं. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते.

आधी जागा, मग फुलं

रँच ठरली की तिथे लग्नाच्याच वेळेला एकदा जाऊन या. मुहूर्त दुपारी चारचा असेल तर चार वाजता ऊन कुठून येतं, वारा कुठून वाहतो हे बघा. मांडव लाइव्ह ओकखाली घालता आला तर निम्मी सजावट झालीच म्हणायची. लाकडी बार्न (गुरा-गवताचं कोठार), जुनं फाटक, दगडी भिंत यांना स्वतःचंच रूप असतं, ते फुलांनी झाकू नका. आम्ही फक्त चार जागा निवडल्या: फाटक, मांडव, जेवणाची टेबलं आणि वधूवर बसायचे ते पाट. बाकी सगळं जसं होतं तसंच ठेवलं.

त्याच भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या, शक्यतो लेखी. लाजाहोमाला अग्नी पेटवता येईल का? पाऊस कमी झाला की इथल्या काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) उघड्यावर जाळ करायला बंदी घालतात, तिला ‘बर्न बॅन’ म्हणतात. दुसरं, अक्षता टाकता येतील का? काही ठिकाणी तांदूळ चालत नाहीत, तिथे झेंडूच्या पाकळ्या द्या. आणि तिसरं, भिंतीला खिळा मारता येईल का.

तारीख आणि फुलं

मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांपर्यंत जातो आणि हायड्रेंजियासारखं पाणी पिणारं फूल उघड्यावर पाहता पाहता मान टाकतं. वसंतात लार्कस्पर, स्नॅपड्रॅगन, गुलाब मिळतात. उन्हाळ्याच्या तोंडापासून झिनिया आणि सूर्यफूल. लिसिअँथसही जरूर घ्या. गुलाबासारख्या दिसणाऱ्या या फुलाचं रानटी मूळ टेक्सासच्याच माळावरचं आहे. स्थानिक शेतकरी बादलीच्या हिशोबाने फुलं विकतात. जुन्या वळणाच्या सजावटीला तीच बरी, कारण देठ थोडे वाकडे, उंची कमीजास्त, आणि तेच इथे शोभतं.

मार्चअखेर माळावर ब्लूबॉनेट फुलतात. ते टेक्सासचं राज्यफूल. त्यांना हात लावू नका. तोडलं की लगेच कोमेजतं, आणि बी धरलं नाही तर पुढच्या वर्षीचा बहर जातो. त्यांच्या काठाला उभं राहून फोटो काढा.

आपल्याकडच्या बायका मला विचारतात, झेंडू आणि निशिगंध तिथे कुठून आणायचे? खरं तर दोन्ही मूळचे शेजारच्या मेक्सिकोचे. समुद्रापार आपल्याकडे आले आणि आपल्या देवघरातलेच झाले. मेक्सिकन लोक १ आणि २ नोव्हेंबरला आपल्या मृतांचे दिवस पाळतात. त्यासाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात टेक्सासच्या मेक्सिकन फूलवाल्यांकडे झेंडूचे ढीग लागतात. आमची तारीख मी त्यामुळेच तेव्हाची धरायला लावली.

आंब्याच्या पानांचं मात्र अडतं. भारतातून ताजी पानं आणायचा विचार सोडा, विमानतळावरच अडकतील. त्याऐवजी मॅग्नोलियाची पानं घ्या: लांब, जाड, तुकतुकीत, मागच्या बाजूला तपकिरी मखमल. हे झाड आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं. या पानांचं तोरण दोन दिवस टवटवीत राहतं.

दोन दिवस आधी

लग्न शनिवारी असेल तर फुलं गुरुवारी हातात हवीत. धारदार कात्रीने देठ दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापा, पाण्याखाली जाणारी पानं काढा आणि बादल्या रात्रभर थंड खोलीत ठेवा. ही पायरी चुकवू नका, पुढे काहीही केलं तरी भरून निघत नाही. झेंडूचं उलटं आहे. तो कोरडा, टोपल्यांत पसरून ठेवायचा. मी पहिल्यांदा मायेने त्यावर पाणी शिंपडलं होतं. सकाळी तळाची फुलं काळी पडली होती.

हिशोब सोपा आहे. मध्यम झेंडू पाच सेंटिमीटरचा धरला तर एक मीटर माळेला २० फुलं. चार खांबांचा मांडव आणि फाटक मिळून आम्हाला ३० मीटर माळ लागली, म्हणजे ६०० फुलं. खराब निघतात म्हणून शंभर जास्त घ्या. शुक्रवारी सगळ्यांना ओवायला बसवा. आमच्याकडे नवऱ्यामुलाच्या टेक्सन आत्याही सुईदोरा घेऊन बसल्या होत्या.

मांडव आणि टेबलं

चुनखडीवर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे खुंट्या नीट रुतत नाहीत. खांबाचा पाय पत्र्याच्या मोठ्या बादलीत ठेवून दगडांनी भरा, वर गोणपाट गुंडाळा. जवळ दुसरी बादली फुलांची. तिच्यात देठ खोचायच्या फोमऐवजी खुराड्याला लावतात ती जाळी चुरगळून घाला, देठ हलत नाहीत आणि खाली पाणीही राहतं. अंतरपाट आजीच्या जुन्या नऊवारीचा करा, पण वाऱ्यासाठी खालच्या काठात बारीक साखळी शिवा.

टेबलांवर मेसन जार ठेवा. जॉन मेसन यांनी १८५८ साली पेटंट घेतलेली ही फिरकीच्या झाकणाची बरणी तिथल्या घराघरांत लोणच्या-मुरांब्याला वापरली जाई. म्हणूनच ती तिथे उपरी वाटत नाही. हिल कंट्रीतल्याच फ्रेडरिक्सबर्ग गावच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत निळसर काचेच्या मिळतात. एका टेबलावर तीन, वेगवेगळ्या उंचीच्या. फुलं बरणीच्या दीडपट उंच, समोरच्याचा चेहरा दिसेल इतकीच. मधे पितळी तांब्यात निशिगंधाच्या चार काड्या, बस्स. गवताच्या गठ्ठ्यांची बैठक केलीत तर वर गोधड्या घाला. तिकडच्या तुकडे जोडलेल्या क्विल्टशेजारी आपली गोधडी ठेवली, तर सख्ख्या बहिणी वाटतात.

मुंडावळ्या निशिगंधाच्या कळ्यांच्या, लग्नाच्या दिवशी सकाळीच ओवा आणि ओल्या मलमलीत ठेवा.

रात्र आणि उरलेलं

रँचवर हरणं फार असतात, आणि त्यांना गुलाब आवडतो. बाहेरच्या बादल्या आदल्या रात्री बार्नमध्ये घेऊन दार लावा. कण्हेर टेक्सासमध्ये भरपूर फुलते, पण गुराघोड्यांना विषारी असते, तेव्हा सजावटीत अजिबात नको. दुसऱ्या दिवशी माळांचे दोरे, तार आणि जाळीचे तुकडे माणूस लावून वेचा. गवतातली तार गाईच्या पोटात जाते.